छतावरच्या सोलरचा हिशेब : विकलेले युनिट सव्वादोन रुपयांचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बडोद्यात सध्या चौकाचौकात सोलरचे फ्लेक्स लागले आहेत. 'वीज विका, घरबसल्या कमवा' असा त्यांचा सूर असतो. तो ऐकून तीन किलोवॅटमध्ये भागेल अशा घरावरही सहा-सात किलोवॅटची सिस्टीम चढवली जाते. सोलर बसवण्याचे आणि सांभाळण्याचे काम आम्ही करतो, आणि ज्याच्या गच्चीवर ऊन आहे त्याने ते बसवावेच, असे आमचे ठाम मत आहे. पण 'विकण्यासाठी मोठी सिस्टीम' हा सल्ला आपल्या गावच्या नियमांत बसत नाही. त्यात सामान्य घरातली बचत वर्षानुवर्षे अडकून पडते. म्हणून हा हिशेब आपल्या वाचकांपुढे मांडत आहोत.

आपल्याकडे घरगुती बिल दोन महिन्यांनी येते. त्या दोन महिन्यांत गच्चीवरून ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, गेलेली युनिट आणि ग्रिडमधून घेतलेली युनिट यांची वजावट एकास एक होते. दुपारी दिलेले युनिट रात्री पंख्याला परत मिळाले, तर त्याची किंमत पूर्ण वसूल झाली. वजावटीनंतर जे शिल्लक उरते तेवढेच वीज कंपनी विकत घेते. घरगुती ग्राहकांसाठी त्याचा दर युनिटला २ रुपये २५ पैसे आहे. तो आपल्या करारनाम्यावर छापलेला असतो. सही करण्यापूर्वी ते पान स्वतः वाचावे.

आता दुसरी बाजू. घरगुती दराचे टप्पे महिन्याला असे आहेत : पहिली ५० युनिट ३.०५ रुपये, पुढची ५० युनिट ३.५०, त्यानंतर २५० पर्यंत ४.१५ आणि २५० च्या वर ५.२०. यावर इंधन अधिभार लागतो. तो बदलत राहतो. येथे युनिटला २.३० धरू. शिवाय शहरात एकूण रकमेवर १५ टक्के वीज शुल्क. म्हणजे वरच्या टप्प्यातले एक युनिट साडेआठ रुपयांच्या पुढे पडते आणि अगदी खालच्या टप्प्यातलेही सहा रुपयांच्या वर. वाचवलेले युनिट सहा ते साडेआठ रुपयांचे आणि विकलेले सव्वादोनचे. सिस्टीम किती किलोवॅटची घ्यायची, हे या दोन आकड्यांवरून ठरते.

महिन्याला ३०० युनिट वापरणारे घर घ्या. आज त्याचे बिल महिन्याला सुमारे २,२०० रुपये येते, वर्षाला २६ हजारांच्या आसपास. बडोद्याच्या उन्हात एक किलोवॅट सरासरी दिवसाला ४ युनिट देते, म्हणजे वर्षाला १,४०० च्या पुढेमागे. तीन किलोवॅटवर दोन महिन्यांत साधारण ७२० युनिट तयार होतात, वापर ६०० चा. बिलात जवळपास स्थिर आकारच उरतो आणि १२० युनिटचे २७० रुपये जमा होतात. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. सिस्टीमचा खर्च १ लाख ४५ हजार धरला, तर खिशातून ६७,००० जातात आणि ते तीन वर्षांच्या आत भरून निघतात.

याच घरावर सहा किलोवॅट बसवले तर? तिसऱ्या किलोवॅटनंतर अनुदान एक रुपयाही वाढत नाही. वरच्या तीन किलोवॅटला सुमारे १ लाख ३५ हजार लागतात आणि त्यातून निघणारी सगळी वीज सव्वादोनने जाते. दोन महिन्यांचे १,६२० रुपये, वर्षाचे पावणेदहा हजार. मुद्दल सुटायला चौदा वर्षे, आणि त्या मुदतीत इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारे यंत्र) एकदा तरी बदलावा लागेल असे धरूनच चालावे. कर्ज काढून हे केले असेल, तर व्याजच उत्पन्न खाते. कालव्यावरचे सोलर प्रकल्पही वीज विकतात, पण त्यांचे करार आणि त्यांचे दर वेगळे. तो हिशेब घराच्या गच्चीला लावून चालत नाही.

सरासरीचा आकडाही जपून वापरावा, कारण शिल्लक युनिट दर बिलाला विकली जातात. हिवाळ्यातली वीज उन्हाळ्यासाठी राखून ठेवता येत नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्या घरात पंखासुद्धा बंद असतो, आकाश मात्र निरभ्र. तीन किलोवॅटच्या घरात त्या दोन महिन्यांचा वापर ४०० युनिट असेल, तर बिलाला ३०० युनिट शिल्लक पडतात आणि सव्वादोनने जातात. जून-जुलैत ढग येतात, उत्पादन दिवसाला किलोवॅटमागे तीन युनिटवर घसरते, उकाड्याने एसी चालूच असतो. मग २०० युनिट सहा-साडेसहाच्या भावाने घ्यावी लागतात. म्हणून मागच्या वर्षाची सहाही बिले समोर ठेवावीत, एकूण युनिटना १,४०० ने भागावे आणि येईल त्यापेक्षा किंचित कमी क्षमता घ्यावी. वर्षाला ४,२०० युनिट असतील, तर तीन किलोवॅट ही वरची मर्यादा समजावी. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर स्टँडवर दोन पॅनेलची जागा मोकळी ठेवणे जास्त शहाणपणाचे.

वॉशिंग मशीन दुपारीच लावा, असा सल्ला बरेच जण देतात. एकास एक वजावट असताना वेळेने बिलात फरक पडत नाही. बॅटरीही आजच्या नियमात पैसे मिळवून देत नाही. लाईट वारंवार जात असेल तरच तिचा विचार करावा. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाईट गेल्याबरोबर भर उन्हातही बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

अर्जातली सगळ्यात मोठी अडचण नावाची. मांडवी-वाडी भागातल्या जुन्या घरांत लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर असते, घरवेरा (घरपट्टी) दुसऱ्याच्या आणि बँकेचे खाते तिसऱ्याच्या. अनुदान अर्जदाराच्या खात्यात येते. तेव्हा बिलावरचे नाव, आधार आणि खाते आधी एक करून घ्यावे, मगच योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकावा. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक मंजुरीसाठी वेगळा अभ्यास लागत नाही. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने अर्ज मंजूर झाल्याचे मानले जाते. ५ किलोवॅटपर्यंत लाईन सुधारण्याचा खर्चही वीज कंपनीने करायचा आहे, तो कोणी तुमच्याकडे मागू लागल्यास ती मागणी लेखी द्यायला सांगा. पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच काम करून घ्यावे आणि पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचे, असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे. बाहेरचे स्वस्त पॅनेल लावले तर अनुदान हातचे जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, कोटेशन जुन्या दराचे नाही ना हेही पाहावे. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे असते. ती कागदावर लिहून घ्या.

गच्चीवर तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट सावलीविना जागा हवी. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १५ ते २० अंश कलते. टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच ओळीतल्या इतरांचे उत्पादन खाली येऊ शकते. आणि ही सावली हिवाळ्यात लांबते; उन्हाळ्यात जागा पाहून गेलेल्याला ती दिसतच नाही. स्टँड गरम बुडवून जस्त चढवलेला, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड असावा. रंग दिलेला पाइप चार पावसाळ्यांत गंजतो. अर्थिंग तीन वेगवेगळी : वीजरोधकाचे (लाइटनिंग अरेस्टरचे), डीसी म्हणजे पॅनेलकडच्या बाजूचे आणि एसी म्हणजे इन्व्हर्टरपासून घराकडच्या बाजूचे. एकाच खड्ड्यात तिन्ही तारा सोडलेल्या आढळल्या तर काम परत करून घ्या, कारण वीज कोसळली की ती त्याच तारेने इन्व्हर्टरमध्ये येते.

ज्या दोषाने बरीच युनिट बुडतात, तो मात्र डोळ्यांना दिसत नाही. एका ट्रान्सफॉर्मरवर बरीच सोलर घरे आली की दुपारी वस्तीतले व्होल्टेज चढते. २५० च्या वर गेले की मर्यादेजवळ आलेले इन्व्हर्टर एकामागून एक बंद होतात, पाच-दहा मिनिटांनी चालू होतात, पुन्हा बंद. ऐन बारा ते दोन या वेळेत हे घडते. ॲपवरचा आलेख घुमटासारखा न दिसता करवतीच्या दातांसारखा दिसत असेल, तर बहुधा हेच कारण. बारीक तार त्यात भर घालते. गच्चीपासून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर असेल आणि तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर तीन किलोवॅटवर इन्व्हर्टरला साडेपाच व्होल्ट जास्त दिसतात; सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर सव्वादोनच्या आसपास. तीन-चार व्होल्टच्या या फरकावर कित्येक दुपारी वाचतात. तार ठीक असूनही त्रास राहिला, तर आलेखाची आणि व्होल्टेजची छायाचित्रे जोडून वीज कंपनीकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलण्याची लेखी मागणी करावी. इन्व्हर्टरची मर्यादाच वाढवून घेण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवतात. तो धरू नये, कारण चढे व्होल्टेज मग घरातल्या फ्रीज-टीव्हीवर येते.

बिल वाचताना होणारा गैरसमज तर रोजचा. सोलर मीटर ७२० युनिट दाखवतो, बिलात ग्रिडला गेलेली ४३० दिसतात, आणि २९० युनिट कोणी खाल्ली म्हणून भांडण सुरू होते. ती २९० दिवसा घरातच थेट वापरली गेली. दुतर्फा मीटरपर्यंत ती पोचतच नाहीत. उत्पादन वजा निर्यात म्हणजे घरातला थेट वापर, त्यात आयात मिळवली की एकूण वापर. हे आकडे दर बिलाला वहीत लिहिले, तर मीटर चुकीचा वाचला गेला असेल तेही लगेच कळते. सिस्टीम चालू झाल्यावरच्या पहिल्या बिलात ही तपासणी जरूर करावी.

धुळीने कोरड्या महिन्यांत उत्पादन दहा टक्क्यांहून जास्त पडू शकते. पंधरा दिवसांनी, सूर्य वर येण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावे. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, नळाचे पाणी वापरा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. उत्तरायणाला गच्चीवर पाहुणे असतात. पतंग काढायला कोणी पॅनेलवर पाय देणार नाही याची काळजी घ्या. काच शाबूत दिसली तरी आतल्या सेलला बारीक तडे जातात आणि उत्पादन हळूहळू उतरत जाते. कोपऱ्यात अडकलेला मांजा तारांना घासतो, तो दुसऱ्याच दिवशी काढून टाकावा.

विश्वामित्री नदीचे पाणी ऑगस्ट २०२४ मध्ये कुठवर चढले होते ते बडोदेकरांना सांगायला नको. सखल भागात इन्व्हर्टर तळमजल्याच्या पार्किंगमध्ये लावू नये. वरच्या जिन्यात, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा भिंतीवर लावावा. पाणी चढू लागल्यावर मेन स्विच बंद केला तरी दिवसा पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारा जिवंतच असतात. डीसी आयसोलेटर, म्हणजे या तारा तोडणारा स्विच, वरच्या मजल्यावर असेल तरच तो वेळेत बंद करता येतो.

फ्लॅटधारकांनी निराश होऊ नये. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, कमाल ५०० किलोवॅट आणि घरामागे ३ किलोवॅट या मर्यादेत.

आमची एक मागणी आहे. शिल्लक युनिट दर बिलाला सव्वादोनने निकाली न काढता वर्षभर पुढे ओढावीत. महाराष्ट्राच्या नेट मीटरिंग (एकास एक वजावटीच्या) नियमांत ती आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे ओढण्याची तरतूद आहे. हिवाळ्यातली वीज उन्हाळ्यात वजा झाली, तर योग्य मापाच्या सिस्टीमलाही पूर्ण न्याय मिळेल. गुजरात वीज नियामक आयोग दरनिश्चितीच्या वेळी ग्राहकांकडून हरकती मागवतो. त्या वेळी सोलर ग्राहकांनी गुजराती किंवा इंग्रजीतून एक पानी अर्ज द्यावा आणि सोबत दोनच बिले जोडावीत : हिवाळ्यातले, शिल्लक युनिट दाखवणारे, आणि पावसाळ्याच्या तोंडाचे, आयात दाखवणारे. जाहीर सूचना निघाल्यावर मुदत थोडीच असते. ती तारीख आपण ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपले,
सोलर उभारणी व देखभालीच्या कामातले काही वाचक
दांडिया बाजार, बडोदे