न्यूटन बंधू आणि सकाळी बँक उघडणारे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेत बँका लुटणाऱ्या खऱ्याखुऱ्या न्यूटन भावांवरच्या 'द न्यूटन बॉइज' या 1998 च्या चित्रपटावर आपल्या रविवारच्या अंकात आलेला लेख वाचला. त्यावर 'असल्या सिनेमांनी मुलं बिघडतात' अशा आशयाचं एका वाचकाचं पत्रही वाचलं. बिघडायला मुलांना याहून सोपे मार्ग आहेत हो. तिजोऱ्या फोडायचं ते नायट्रोग्लिसरिन नावाचं स्फोटक काही कुणी सहज हातात देत नाही.

मी बँकेत हेड कॅशिअर होते. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी मॅनेजरकडे. त्यामुळे टेक्सासच्या या चार भावांकडे, विलिस, डॉक, जेस आणि जो यांच्याकडे, जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

सिनेमा मजेदार आहे, यात वाद नाही. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलंय, घोड्यांच्या जागी मोटारी आल्यात. रात्री आडगावात शिरायचं, चौकोनी दाराच्या तिजोरीच्या फटीत नायट्रोग्लिसरिन सोडायचं, की धडाम! पुढे बँका गोल दाराच्या तिजोऱ्या आणतात. या भावांना फट म्हणून सापडत नाही आणि बिचाऱ्यांचा धंदाच बसतो. दिग्दर्शक रिचर्ड लिंकलेटर यांनी हे असं रंगवलंय, की जन्मभर तिजोरी सांभाळलेली मी चक्क चोरांच्या बाजूनं झाले होते.

खटकला तो विलिसचा हिशेब. बँकेचा विमा असतो, नुकसान विमा कंपनी भरते आणि बँकवाले तरी कुठले साव! विलिस झालेला मॅथ्यू मॅकॉनहे हे इतक्या गोड तोंडानं सांगतो, की पटतं. पण चोरीचा विमा असलाच तर तो बँकेचा. ठेवीदाराला अमेरिकेच्या केंद्र सरकारचं विमा संरक्षण मिळालं ते 1933 च्या कायद्यानं. त्याआधीच्या दशकात तिथे हजारो बँका बुडाल्या, त्यातल्या बहुतेक खेड्यापाड्यांतल्या लहान बँका. शिवाय चोरी झाली की चौकशीवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किल्ल्या कुणाकडे होत्या? सकाळी बँक उघडायला आलेल्या कारकुनाचं काय झालं, हे सिनेमात कुणी विचारत नाही. त्याला पडद्याबाहेर ठेवलंय म्हणून तर आपल्याला हसता येतं. आम्ही कुणाचा जीव घेतला नाही, असं हे भाऊ पुढे सांगत. असेलही. पण 1923 मध्ये टोरांटोत भर दिवसा रोकड नेणाऱ्या बँक कर्मचाऱ्यांना लुटलं, तेव्हा गोळ्या झाडल्याच, माणसं जखमी झालीच.

मात्र एका गोष्टीनं माझ्यातली कॅशिअर सुखावली. इलिनॉयमधल्या राँडाउटजवळ 12 जून 1924 ला त्यांनी टपालगाडी लुटली. लूट वीस लाख डॉलरच्या घरात. अंधारात त्यांच्याच साथीदारानं डॉकवर गोळ्या झाडल्या, तो भाग वेगळाच. तर या दरोड्यातला आतला माणूस निघाला विल्यम फेही, टपाल खात्याचा इन्स्पेक्टर. म्हणजे कारकून नव्हे, कॅशिअर नव्हे, चोर पकडण्याचा पगार घेणारा!

श्रेयनामावलीबरोबर खरे विलिस आणि जो म्हातारपणी गप्पा मारताना दिसतात, आणि ते लाघवी आहेत. ते पाहून मुलांना मोह होईल अशी त्या वाचकांना धास्ती असेल, तर त्यांनी मुलांना डॉकबद्दलही सांगावं. 1968 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, हा गृहस्थ टेक्सासमधल्याच रोवेना गावची बँक फोडताना पकडला गेला.

आपली,
एक निवृत्त हेड कॅशिअर
(कृपया नाव छापू नये)