फोटोवाला वेगळा, शूटिंगवाला वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त आपल्या पुरवणीत जो मजकूर आला, त्यात रीलच्या लाटेत स्टुडिओ बुडत चालल्याचा सूर होता. अमळनेरात स्टुडिओ चालवणाऱ्या मला तो पटला नाही. व्हिडिओ शिकायला आमच्या धंद्यात फारसा कोणाचा विरोध नाही. ब्लॅक अँड व्हाइट गेले, कलर लॅब आल्या, मग रोल गेला आणि डिजिटल आले. ज्याने वेळेवर शिकून घेतले तो टिकला, आणि यावेळीही तसेच होईल. आजची अडचण निराळी आहे. फोटो काढणाऱ्याच माणसाने, त्याच वेळी आणि त्याच पैशांत रीलही करावी, अशी अपेक्षा रूढ होत चालली आहे. तिच्यामुळे दोन्ही कामे बिघडतात.

व्हीएचएसच्या काळातली लग्ने ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल. खांद्यावर मोठा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्यामागे हॅलोजन आणि वायर सांभाळणारा पोरगा, आणि फोटोवाला वेगळा. पैसेही वेगवेगळे ठरत. आज दोन्ही कामे एकाच कॅमेऱ्यात मावतात, म्हणून माणूसही एकच पुरेल असे लोकांना वाटते. मांडवात कोणी खांद्यावर हात ठेवून म्हणतो, ‘भाऊ, एक रील बी करी दे ना.’ इतक्या आपुलकीने म्हणतो की नाही म्हणवत नाही.

अंतरपाट दूर होतो तेवढाच क्षण घ्या. शेवटचे ‘सावधान’ होते, अक्षता पडतात, बँड वाजू लागतो आणि नवरा-नवरी एकमेकांना हार घालतात. सगळे मिळून काही सेकंदांचे काम. फोटोसाठी तिथे शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागते, नाहीतर उडणाऱ्या अक्षता आणि हार घालणारे हात पुसट येतात. व्हिडिओचे उलटे आहे. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर साधारण १/५० वर ठेवतात, कारण प्रत्येक फ्रेममध्ये हालचाल जराशी पुसट असली तरच ती डोळ्याला सलग वाटते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्या वेगावर मांडवातले दिवे चित्रणात लुकलुकण्याची भीती कमी. म्हणजे दोन्हींसाठी कॅमेरा दोन वेगळ्या पद्धतींनी लावावा लागतो, आणि तो क्षण येतो एकदाच. ‘मग व्हिडिओतूनच फोटो काढून घ्या’ असे सुचवणारे पुष्कळ भेटतात. फोर-के, म्हणजे जास्त बारकाव्याच्या, व्हिडिओची एक फ्रेम साधारण आठ मेगापिक्सेलची असते. मोबाइलवर ती बरी दिसते, पण १/५० वर घेतलेला हलता हात मोठा करून अल्बमच्या दोन पानांवर छापला की कामाचा राहत नाही.

चौकटीचाही प्रश्न आहे. रील उभी, नऊ बाय सोळाची. दोन्हीकडची पाहुणेमंडळी स्टेजवर ओळीने उभी राहतात ती आडवी. उभ्या चौकटीत घ्यायची तर इतके मागे जावे लागते की आजोबांचा चेहरा ओळखू येत नाही. त्यात एप्रिल-मेच्या उन्हात फोर-के चित्रण करताना कॅमेरा तापून बंद पडतो, हे जळगाव-भुसावळकडच्या कोणालाही विचारा. आणि कार्यक्रम संपल्यावर खरे काम सुरू होते. १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, घेतलेले एका तासाचे चित्रण सुमारे ४५ जीबी होते. ते बघायचे, निवडायचे, कापायचे, त्याचा आवाज साफ करायचा. संध्याकाळपर्यंत रील हवी असेल तर त्यासाठी एक माणूस दुपारपासून लॅपटॉपवर बसलेला हवा. या कामाचा मोबदला मागणे म्हणजे अडवणूक नव्हे.

हे सगळे मी रीलच्या विरोधात लिहीत नाही. काही गोष्टी व्हिडिओतच याव्यात असे मला मनापासून वाटते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. रात्र जागवत बायका गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तिला डोक्यावर घेऊन विसर्जनाला निघतात. सजवलेल्या कानबाईचा सुंदर फोटो येतो, पण गाण्याचा फोटो येत नाही. सत्तरी ओलांडलेली बाई अहिराणीत जी चाल धरते ती तिच्या नातीला येत असेलच असे नाही, आणि अशी कितीतरी गाणी कुठे लिहिलेलीही नाहीत. तिथे कॅमेरा स्थिर ठेवावा, माइक तिच्याजवळ ठेवावा आणि गाणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत घ्यावे. प्रत्यक्षात रील करताना सर्वांत आधी तिचाच आवाज पुसला जातो आणि त्या आठवड्यात चाललेले गाणे त्यावर चिकटवले जाते. हे मला फार लागते. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचेही तसेच. उधळलेला घोडा फोटोत उत्तम दिसतो, पण जनावराची चाल पाहायची तर व्हिडिओच हवा. सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीत मात्र नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी दांडी, नाचवू नये. आधी विचारावे. तो त्यांचा सण आहे.

तरुण मुले फोनवर झटपट रील करून देतात म्हणून आमच्यातले काही ज्येष्ठ खचले आहेत. त्यांना मी चाळीसगावचे छायाचित्रकार कलामहर्षी केकी मूस यांची आठवण करून देईन. घरात बसून, टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून आणि प्रकाश हवा तसा पाडून त्यांनी अख्खी निसर्गदृश्ये उभी केली. प्रकाश कुठून येतो, चौकटीत काय ठेवायचे आणि काय गाळायचे, कधी थांबायचे, हे ज्याला कळते त्याचा व्हिडिओ पहिल्या दिवसापासून वेगळा दिसतो. शिकायचे राहते ते आवाज आणि एडिटिंग. ते शिकता येते.

मात्र एका अ‍ॅपच्या मर्जीवर सगळा धंदा टांगू नये. इन्स्टाग्राम २०१० मध्ये चौकोनी फोटोंसाठी सुरू झाले. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इथे रील्स आल्या. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी, आपण आता केवळ फोटोंचे अ‍ॅप राहिलेलो नाही, असे जाहीर केले. २०२२ मध्ये पडदाभर व्हिडिओ दाखवण्याचा प्रयोग लोकांच्या नाराजीमुळे मागे घ्यावा लागला, आणि २०२३ च्या सुरुवातीला व्हिडिओवर जास्तच भर दिला गेल्याचे मोसेरींनीच मान्य केले. त्यांचे धोरण पुन्हा बदलेल. घरातल्या कपाटातला अल्बम कोणत्याही धोरणावर अवलंबून नाही, म्हणून छापील फोटोचे काम सोडू नये, असे मी व्यवसायबंधूंना आवर्जून सांगतो.

चातुर्मासात आमच्याकडे लग्नाचे काम जवळजवळ नसते. तालुक्यातालुक्यांतल्या छायाचित्रकार संघटनांनी याच दिवसांत आवाज आणि एडिटिंगचे वर्ग घ्यावेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पंधरवड्याचा एखादा वर्ग जळगावला, एखादा धुळे-नंदुरबारकडे घेतला तर मी स्वतः शिकायला येईन. आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा धरणाऱ्या मंडळींना विनंती, की बुकिंग करतानाच फोटोला कोण येणार आणि व्हिडिओला कोण, हे विचारून घ्यावे, आणि दोघांचा दर चिठ्ठीवर वेगवेगळा लिहून घ्यावा.

आपला,
एक स्टुडिओचालक,
अमळनेर, जि. जळगाव