आबांची ट्रंक

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

आबांची ट्रंक मी नाशिकला आणली आहे. बाबा, रागावू नका. वस्तू तुमच्याच आहेत, मागाल त्या दिवशी परत येतील. पण शिडी लावून ती माळ्यावरून ओढायची, हे त्या गुडघ्यांनी आता बंद.

वर्षश्राद्धाला मेडलं चकचकीत करून फ्रेम लावायचं तुमच्या मनात आहे. तेही नको. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’, या 1971 च्या युद्धाच्या दोन्ही मेडलांवर आबांचा लष्करी नंबर आणि नाव कोरलंय. ब्रासोने घासलं की दरवेळी धातू थोडा झिजतो, आणि आधी अक्षरं जातात. आबा बेल्टचं बक्कल रोज घासायचे, मेडलांना कधी हात लावू देत नसत. खळ नसलेल्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. फ्रेममध्ये फोटो लावू, खऱ्यासारखाच दिसेल.

जर्सीला डाव्या कोपराशी कसर लागली आहे. पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवणार, अंडीसुद्धा मरतात. डांबरगोळ्या थेट कापडावर पडल्याने डाग आलेत (आई, तू टाकलेल्या नाहीत, डाग फार जुने आहेत).

जमालपूरच्या (तेव्हाचं पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश) लढाईचं आबांनी किती थोडं सांगितलं ना? शरण या, असं आपल्या सैन्याने पाठवलेल्या पत्राला पाकिस्तानी कर्नलने उत्तर म्हणून पाठवलेली ती बंदुकीची गोळी, एवढंच, तेही हसत. 10 डिसेंबर 1971 च्या रात्री वेढा फोडून निघालेले पाकिस्तानी सैनिक आबांच्या जंगी पलटणीवरच (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) येऊन आदळले, त्या रात्रीबद्दल अवाक्षर नाही. आणि मला मांडीवर घेऊन बुटाची नाडी बांधायला शिकवताना मात्र तासभर बोलायचे.

ट्रंकेच्या तळाशी सुतळीत बांधलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या होत्या, बाबा. तुमच्या शाळेच्या फीच्या. त्या नेल्या नाहीत, तुमच्या कपाटात वरच्या खणात आहेत.

डिस्चार्ज बुक, म्हणजे आबांच्या लष्करी सेवेची नोंदवही, तीही तिथेच, आजीच्या कामाला लागेल. लॅमिनेट करू नका. फाटलेल्या घडीवरची सेलोटेप ओढू नका, कागद सोबत येतो.

आजीला 80 पूर्ण झाली की फॅमिली पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, 85 ला वाढ 30 टक्के होते. पण पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) तिची जन्मतारीख नसेल तर वाढ अडकते. शिवाय डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज आत्ताच पाठवा, 80 ची वाट पाहू नका. हयातीचा दाखला यंदा नोव्हेंबरात. 80 नंतर 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दी टळते.

एसटीने एकटे जाऊ नका. मी शनिवारी फोन करते, तोवर आजीचं आधार आणि पासबुक एका पिशवीत काढून ठेवा.

तुमची,
मनी