ग्रेलोसच्या जागी पालक नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती उपवासकाळापूर्वी युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख मी आवडीने वाचला. पोलंडमध्ये ‘चरबीच्या गुरुवारी’ तळले जाणारे पोंच्की आणि स्वीडनमधला बदामाचे सारण भरलेला सेमला यांची वर्णने सुरेख उतरली आहेत. वायव्य स्पेनमधील गॅलिसियाच्या ‘लाकोन कॉन ग्रेलोस’ या पदार्थाच्या कृतीत मात्र ‘ग्रेलोस न मिळाल्यास पालक घ्यावा’ अशी सूचना आहे, ती मला अजिबात पटली नाही. नोकरीनिमित्त मी तीन हिवाळे गॅलिसियात काढले असल्यामुळे याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

ग्रेलोस म्हणजे सलगमला फुले येण्याच्या जरा आधी फुटणारे कोवळे, कळीदार देठ व त्यांची पाने. ऐन थंडीत ही भाजी भरात असते आणि तिला एक स्पष्ट कडवटपणा असतो. लाकोन म्हणजे डुकराच्या पुढच्या पायाचे खारवलेले मांस. तिथे ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणापासून डुकरे कापण्याचा हंगाम सुरू होतो. तेव्हा मिठात घातलेले हे मांस, राखेच्या बुधवारी उपवास लागण्याआधीचे ‘एन्त्रोइदो’चे दिवस येईपर्यंत मुरून तयार झालेले असते. पूर्वी उपवासाच्या चाळीस दिवसांत मांसच नव्हे, तर अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे, त्यामुळे घरातले सगळे आधीच संपवावे लागे. आज कॅथलिकांचे नियम पुष्कळ सैल झाले असले, तरी ताटातला लाकोन आणि ग्रेलोस यांचा मेळ टिकून आहे.

आमच्या शेजारच्या आजी लाकोन आदल्या दिवशीच पाण्यात भिजत घालून त्याचे मीठ उतरवत. दुसऱ्या दिवशी ते मंद आचेवर दोनएक तास शिजले की बाहेर काढून ठेवत आणि त्याच रश्श्यात बटाटे, चोरिसो (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) व निवडलेले ग्रेलोस सोडत. मांसाची चरबी वर तरंगत असे, ती पानांना लागे, आणि पानांचा कडवटपणा त्या चरबीचा जडपणा मारत असे. पहिल्या वर्षी मी नुसते मांस वाढून घेतले, तेव्हा त्यांनी न विचारता माझ्या ताटात पळीभर भाजी घातली. दोन घासांनंतर त्यांनी तसे का केले, ते मला कळले. उरलेल्या रश्श्यात पीठ आणि अंडी कालवून, तव्याला चरबीचा तुकडा फिरवून त्या ‘फिलोआस’ नावाचे पातळ घावन करत. माझ्या मते खरा सण त्या घावनांतच होता, कारण त्यांत मांस आणि भाजी दोन्हींची चव उतरलेली असे.

पालकात हा कडवटपणा नाही. शिवाय शिजताना तो पाणी सोडतो आणि चरबीदार रश्श्यात त्याचा लगदा होतो. सलगम, मोहरी आणि मुळा ही एकाच कुळातली झाडे आहेत. त्यामुळे ग्रेलोस न मिळाल्यास सलगमचाच पाला घ्यावा, तोही नसेल तर मोहरीचा आणि अगदी नाइलाज झाला तर मुळ्याचा कोवळा पाला. पाने फार कडू असतील तर आधी उकळत्या पाण्यातून काढावीत, पण सगळा कडवटपणा घालवू नये.

आणखी एक गोष्ट. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते आणि उपवासाची सुरुवात तिच्यावरूनच ठरते, म्हणून राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांदरम्यान केव्हाही येऊ शकतो. तो उशिरा आला की ग्रेलोसना फुले येऊ लागतात आणि देठ चिवट होतात. अशा वेळी आजी देठ सोलून घेत. ही बाबही कृतीत यायला हवी होती.

पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक नियमित वाचक