बर्फातलं तेल जाळायचं, तर तयारी आधी लागते

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीहून हे पत्र लिहितो आहे. माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये झाली. आता आमच्या भागातली पोरं मर्चंट नेव्हीची चौकशी करायला घरी येतात आणि हल्ली त्यांच्या तोंडी ‘नॉर्दर्न सी रूट’चं नाव असतं. रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या या मार्गाबद्दल आणि ध्रुवीय पाण्यातल्या प्रशिक्षणाबद्दल भारत आणि रशियाची बोलणी झाल्याचं आपण जाणताच. पोरांनी जावं असं मलाही वाटतं. पण तिथे तेल सांडलं तर काय करायचं, या प्रश्नाला “पेटवून देता येतं” असं उत्तर फार सहज दिलं जातं. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

ते उत्तर खोटं नाही. मात्र त्याला अटी आहेत. आमच्याकडे ऊस तुटून गेल्यावर फडातलं पाचट पेटवतात. दाट आणि वाळलेलं असेल तर एका काडीत फड धडधडतो, पाऊस पडून गेला असेल तर नुसता धूर. तेलाचंही तसंच. पाण्यावरचा थर निदान दोन-तीन मिलिमीटर जाड असला तरच पेट घेतो. जळत जळत तो साधारण एक मिलिमीटरवर आला की खालचं पाणी उष्णता ओढून घेतं आणि आग विझते. लाटांनी घुसळून तेलात चौथ्या हिश्शापेक्षा जास्त पाणी मिसळलं, की ते पेटवणं फार अवघड होऊन बसतं.

बर्फ इथे मदतही करतो. दाट तरंगता बर्फ तेलाला पसरू देत नाही, लाटा दाबून ठेवतो आणि थर जाड राहतो. नॉर्वेच्या सिंटेफ संस्थेने २००९ मध्ये बॅरेंट्स समुद्रात बर्फामध्ये मुद्दाम तेल सोडून असे प्रयोग केले, आणि दाट बर्फात अडकलेलं तेल चांगलं जळालं. हिवाळ्यात बर्फाच्या आत गोठून राहिलेलं तेलही वसंतात खाऱ्या पाण्याच्या बारीक वाटांनी वर येतं, वितळलेल्या पाण्याच्या डबक्यांत साचतं आणि तिथे पेटवता येतं. अडचण आहे ती मधल्या अवस्थेची. समुद्राचा साधारण तीस ते सत्तर टक्के भाग बर्फाने झाकलेला असतो, तेव्हा बर्फ तेलाला धरून ठेवायला अपुरा पडतो आणि आगीत टिकणारे बूम, म्हणजे तेलाला वेढा घालणारे तरंगते अडसर, ओढायला मात्र आडवा येतो. जहाजं ज्या मोसमात जातात, त्या मोसमात हाच विरळ बर्फ भेटण्याची शक्यता अधिक.

वेळेचा हिशेब तर आणखी कडक आहे. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर तेल समुद्रात गेलं. तेल आवरायचं साहित्य वाहून न्यायची बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, तेव्हा दुरुस्तीला होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आगीत टिकणाऱ्या बूममध्ये थोडं तेल ओढून पेटवून पाहिलं, ते उत्तम जळालं. मग वादळ आलं, तेलात पाणी घुसळलं गेलं आणि पुढे जाळण्यासारखं काही राहिलं नाही. समुद्र शांत होता ते पहिले दिवस जमवाजमवीतच गेले होते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात समुद्रातली तेलविहीर फुटली, तेव्हा पाणी उबदार होतं, विमानं-जहाजं हाताशी होती, ४११ वेळा तेल पेटवलं गेलं. तरी अमेरिकी सरकारच्या हिशेबानुसार एकूण तेलाच्या जेमतेम पाच टक्क्यांची विल्हेवाट आगीने लागली. सायबेरियाच्या किनाऱ्यावर, जवळचं बंदर शेकडो मैल दूर असताना, यापेक्षा बरं काही घडेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

त्यात जहाजाचं जड इंधन. आम्ही ते तापवूनच इंजिनाकडे न्यायचो. थंडीत ते इतकं घट्ट होतं की पंपाला दाद देत नाही. ते पेटवणंही कठीण, आणि जळून उरतो तो चिकट गाळ तळाला जाऊ शकतो, मग तो काढणार कोण? धुराची काजळी बर्फावर बसली की पांढरा बर्फ काळवंडतो, ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. तेल किनाऱ्यावर आणि पक्ष्यांच्या पंखांवर जाण्यापेक्षा जळालेलं परवडलं, हे मला मान्य आहे. पण ही किंमत आराखड्यात लिहिलेली असावी.

आर्क्टिकमध्ये जड इंधनावर १ जुलै २०२४ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, पण इंधनटाक्यांना दुहेरी कवच असलेल्या जहाजांना १ जुलै २०२९ पर्यंत सूट मिळते. माझी पहिली विनंती अशी, की भारतीय ध्वजाच्या जहाजांनी ही सूट घेऊ नये, तसा आदेश आपण आजच काढावा. हलकं इंधन महाग पडतं हे मला ठाऊक आहे. दुसरी विनंती प्रशिक्षणाची. ध्रुवीय पाण्यात पाठवायच्या खलाशांना बर्फातल्या तेलाचा प्रत्यक्ष सराव द्या: थर कसा ओळखायचा, जहाजाने किती दूर राहायचं, धुराची दिशा कशी धरायची. आणि रशियाशी करार करताना आगीत टिकणारे बूम, पेटवण्याची साधनं, हेलिकॉप्टर कुठल्या बंदरात उभी असतील, किती तासांत पोचतील आणि पेटवण्याची परवानगी कोण देईल, हे नावानिशी लिहून घ्या. परवानगीच्या कागदात पहिले दिवस गेले तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

हे इतकं अडून सांगतो त्याला कारण आहे. आमच्या शेजारच्या ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसांनी भरलेली बोट उलटली आणि गावाने आपली माणसं गमावली. पाणी चढल्यावर बोटी शोधायची वेळ आली की काय होतं, ते या काठावर प्रत्येकाने पाहिलं आहे.

रशियाच्या पूर्व टोकाच्या सखालिन-१ तेलप्रकल्पात आपल्या सरकारी कंपनीचा, ओएनजीसी विदेशचा, २० टक्के वाटा २००१ पासून आहे आणि तिथला समुद्र हिवाळ्यात गोठतो. तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयालाही या पत्राची प्रत पाठवतो आहे.

आपल्या मंत्रालयाकडून लेखी उत्तर मिळावं. ते मराठीत आलं तर चौकशीला येणाऱ्या पोरांच्या हातात तसंच ठेवता येईल.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली