आबाजींच्या रायफलची सेफ्टी

महाल, नागपूर
१८ मे

प्रिय सुध्या,

फोनवर सांगितलं असतं तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय.

आबाजींची तीनशे पंधरा बोरची रायफल आता माझ्या परवान्यावर आली. १९७२ ला वन्यजीव कायदा आला, तेव्हापासून ती कपाटातच. निवडणूक लागली की ठाण्यात जमा, मग परत घरी, एवढाच तिचा प्रवास. परवा दुपारी कूलरसमोर जुनी चादर अंथरली आणि सफाईला घेतली. आधी मॅगझिन काढलं, बोल्ट (काडतूस आत सरकवणारा दांडा) मागे ओढला, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहिली, वर करंगळी घालूनही पाहिली. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात.

ही ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली, म्हणजे ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्याच घराण्यातली. बोल्टचं डोकं आट्यांचं असतं, साफ करून परत पूर्ण आवळावं लागतं. तेवढं केलं तरी बोल्ट आत जाईना. बघतो तर मागचा कॉकिंग पीस, म्हणजे घोड्याचं काम करणारा तुकडा, खाचेतून जरासा फिरलेला. सरळ केला, आत सरकवला, डोकं उजव्या पट्टीवर दाबलं. खट्! बसलं एकदाचं बाप्पा.

मग सेफ्टी. डाव्या अंगाचा तो छोटा खटका. मागे घेतला की रायफल बंद, पुढे केला की चालू. रिकामीच कॉक केली, म्हणजे घोडा ताणला, खटका मागे घेतला, नळी अंगणातल्या मातीच्या ढिगाकडे धरली आणि चाप दाबला. काही नाही. खूश झालो. चाप सोडला, खटका पुढे केला, आणि चापाला बोट नसताना ‘टक्’! घोडा आपोआप सुटला.

खटक्याने कॉकिंग पीस किंचित मागे खेचून धरायला हवा, तरच चाप सोडल्यावर सीअर, म्हणजे घोडा अडवून धरणारा दात, आपल्या जागी परत येतो. इथे तेवढी ओढच नाही. एक तर टोक झिजलंय, नाहीतर कोण्या मिस्त्रीने खटक्याचे आटे चुकीच्या तोंडातून बसवलेत. त्या आट्यांना तोंडं अनेक असतात. एक घर चुकलं तरी खटका वरून अगदी शहाणा दिसतो. मी कानस नाही लावली. परवानावाल्या कारागिराकडेच देणार आहे. तोवर बोल्ट वेगळा, चावी आईकडे.

तुला दहावीची सुट्टी आठवते? आबाजी सेफ्टी लावून आपल्या हातात द्यायचे, आपण आळीपाळीने चाप ओढायचो, आणि ते म्हणायचे, “पाहा, भरवशाची आहे.” नंतर खटका पुढे तेच करायचे. तेव्हा ती ‘टक्’ तू ऐकली होतीस का रे? मला काही केल्या आठवत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या