काकांना रत्नागिरीला नेण्याआधी

मस्कत

प्रिय दादा, वहिनी,

वहिनीचा निरोप मिळाला. काकांना रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यायचं ठरलं असेल तर न्या, पण ‘देवाला जाऊन येऊ’ म्हणून गाडीत बसवू नका. एकदा फसवलेला माणूस पुढे घरच्यांच्या हातची गोळी घेत नाही, आणि गोळ्या सुटल्या की त्यांचा हा मानसिक आजार बहुतेक वेळा उलटतो. सरळ सांगा, झोप नाही, जेवण नाही, डॉक्टर बघतील, कदाचित राहावं लागेल.

तयार झाले तर त्यांच्याच सहीने दाखल होतील. मग मध्येच निघतो म्हणाले तर सोडावं लागतं. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवतात. तयार नसतील, आणि जिवाला धोका किंवा स्वतःचं काहीच करता येत नाही अशी गत असेल, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ८९ लागतं, म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय दाखल करणं. अर्ज त्यांच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे त्यांच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाने, करायचा. वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि ही तपासणी दाखल करायच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत झालेली हवी. मुदत ३० दिवस. त्यापुढे ठेवायचं तर पुन्हा दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी. तेव्हा ‘आता कायमचं तिथेच राहू दे’ हे भावकीतलं बोलणं सोडून द्या. प्रतिनिधी कोण, ते काकांचं डोकं ताळ्यावर असेल त्या दिवशी साध्या कागदावर लिहून त्यांची सही घ्या.

नोंदणी नसलेल्या कुठल्याही आश्रमात मात्र ठेवू नका, कितीही स्वस्त असला तरी.

जुने कागद न्याच, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा. त्यांना लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू आहे हे पहिल्यांदा सांगा. लिथियम किती आहे ते तपासायचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर. नाहीतर आकडा उगाच जास्त येतो आणि डोस चुकतो. मे महिन्याच्या उकाड्यात घाम फार जातो, जुलाब झाले तर आणखीच. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साचतं. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ नेहमीएवढंच. गुडघेदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, त्यानेही तेच होतं. हात जोरात थरथरले, झोक जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या सुरू झाल्या, तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा. ‘पित्त झालंय’ म्हणून कोकम सरबत देत बसू नका.

तोवर आंब्याच्या फवारणीची औषधं आणि कोयता कुलपात ठेवा. पडवीत कोंडून किंवा बांधून ठेवू नका. त्याने माणूस जास्तच बिथरतो. आई गाऱ्हाणं घालते तर घालू दे, फक्त त्यापायी गोळी चुकायला नको. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ लावा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

सोडताना कार्डावर गोळ्यांची नावं, डोस आणि पुढची तारीख स्वच्छ लिहून घ्या, आणि त्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मोजून घेतल्याशिवाय निघू नका. कार्डाचा फोटो मला पाठवा.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमन